शेजारची खुर्ची

प्रतिभाच्या समुपदेशनाच्या क्लिनिकमधला सोफा चांगला महागाचा होता आणि तिला त्याचा भारी अभिमान होता. मनमाडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या ड्रायव्हरच्या पोरीनं गंगापूर रोडवर दुसऱ्या मजल्यावर जागा घ्यायची, वर असा सोफा ठेवायचा, म्हणजे काही कमी नाव काढलं नव्हतं तिनं! पण किशोर त्या सोफ्याच्या अगदी कडेला टेकायचा, टीसीनं हटकलं तर लगेच उठता यावं तसा.

किशोर मालगाडीचा ड्रायव्हर. उन्हाळ्यात एक माणूस त्याच्या इंजिनापुढे आला आणि जागीच गेला. चौकशीत किशोरचा दोष नाही असं ठरलं, पण तेव्हापासून तो इंजिनात चढला नव्हता. पायरीवर पाय ठेवला की दरदरून घाम फुटायचा. दिवाळीनंतर रेल्वेची मेडिकल तपासणी होती. तोवर जमलं नाही तर टेबलावरचं काम मिळणार होतं आणि इंजिन कायमचं सुटणार होतं.

"गाडी नसली की हा माणूस नुसता घरात असतो हो मॅडम," त्याची बायको स्नेहल म्हणाली होती. "कॅलेंडरसारखा."

प्रतिभा विचारायची, "झोप कशी लागते?" तो म्हणायचा, "ठीक." "घरी कसं चाललंय?" "ठीक आहे मॅडम." नजर फरशीवर. समोर बसलेल्या माणसाकडे बघायचं म्हणजे त्याला संकटच वाटायचं. आजवर ज्यानं त्यानं त्याला एकच सांगितलं होतं, तुझी चूक नव्हती, विसरून जा. त्यावर बोलण्यासारखं काही उरतच नव्हतं.

असाच एकदा तो 'ठीक, ठीक' करून निघून गेला आणि प्रतिभा स्वतःवरच वैतागली. तिला आप्पा आठवले.

तिचे वडील खंडेराव. मनमाडचे नावाजलेले ड्रायव्हर, पण अशाच एका अपघातानंतर इंजिन सोडून दुरुस्तीच्या शेडमध्ये कामाला लागले ते कायमचेच. सुट्टीच्या दिवशी खाटेवर बसून भिंतीकडे बघत राहायचे आणि त्यांचे ओठ हलायचे. इंजिनात ड्रायव्हर दिसलेला सिग्नल मोठ्यानं सांगतो आणि शेजारचा असिस्टंट तोच परत म्हणतो. दोघांनी म्हणायचं, हा नियम आहे. आप्पा म्हणत होते, पण परत म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. एका दुपारी छोटी प्रतिभा फ्रॉक सावरत त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "होम पिवळा," आप्पा म्हणाले; होम म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल. "होम पिवळा," ती म्हणाली. त्या दिवशी आप्पा पोटभर जेवले. पुढे तिनं डिग्र्या घेतल्या, चांगल्या मार्कांनी घेतल्या, पण हे काम आपल्याला येतं, हे तिला त्या खाटेवरच कळलं होतं. आणि तीच बाई आता सोफ्याच्या नादी लागली होती!

पुढच्या वेळी किशोर आला तेव्हा सोफा भिंतीला सारलेला होता. खिडकीशी रस्त्याकडे तोंड करून दोन साध्या खुर्च्या मांडल्या होत्या.

"डावीकडची तुमची," प्रतिभा म्हणाली.

किशोर चमकला. इंजिनात ड्रायव्हर डावीकडेच बसतो. "तुम्हाला कसं माहीत?"

"मनमाडची आहे मी. खंडेराव ड्रायव्हरची मुलगी." हे सांगताना तिची मान आपोआप ताठ झाली.

दोघं बाहेर बघत बसले. खाली चौकात रिक्षा, भाजीचे टेम्पो, हॉर्नचा कल्लोळ. किशोर चौकातल्या सिग्नलकडे बघून पुटपुटला, "लाल."

"लाल," प्रतिभा म्हणाली.

तो जरासा हसला. मग सिग्नल दोनदा बदलला.

"लाइन सरळ होती मॅडम."

"लाइन सरळ होती."

"लांबूनच दिसला तो. हॉर्न दिला मी."

"हॉर्न दिलात तुम्ही."

"ब्रेक मारला. मालगाडी लगेच थांबत नाय हो."

"लगेच थांबत नाही."

"त्यानं माझ्याकडं बघितलं."

प्रतिभानं तेही म्हटलं. "त्यानं तुमच्याकडे बघितलं."

मग किशोर रडला. खुर्चीचा हात घट्ट धरून, पुढे बघत, हमसून हमसून रडला. चूक नव्हती, विसरा, असलं काही ती बोलली नाही. शेजारी बसून राहिली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. एकदा तो शेडमधल्या उभ्या इंजिनाच्या पायरीवरून माघारी फिरला आणि घरी येऊन स्नेहलवर उगाच खेकसला. पण पुन्हा गेला, आणि चढला. मेडिकलही पास झाला.

"शनिवारी सकाळी मनमाडवरून गाडी काढतोय," शेवटच्या भेटीत तो म्हणाला. "जमलं तर या."

शनिवारी प्रतिभा मनमाडला गेली आणि आप्पांना हाताला धरून स्टेशनवर घेऊन गेली. ओळखीचे लोक विचारत होते, "काय प्रतिभाताई, कुणाला न्यायला?" काय सांगणार? पेशंटची गोष्ट चारचौघांत सांगायची नसते. पोटात आनंद मावत नव्हता आणि तोंडाला कुलूप.

मालगाडी आली. खिडकीत किशोर दिसला आणि न राहवून प्रतिभानं हात हलवला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. नजर समोर होती, हात सिग्नलकडे रोखलेला होता आणि ओठ हलत होते, शेजारच्या असिस्टंटचेही. पाठोपाठ मालाच्या वाघिणी धडधडत निघून गेल्या.

"तुझा पेशंट हाय का?" आप्पांनी विचारलं.

"ते नाही सांगता येत, आप्पा."

"नको सांगू. पण एवढा हात हलवलास, त्यानं ढुंकून बघितलं नाय."

"नाही ना बघितलं! नजर सिग्नलवरच होती!" प्रतिभा इतक्या मोठ्यानं म्हणाली, की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. तिचे डोळे भरून आले होते.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत आप्पा तिकडे बघत राहिले. मग तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तेव्हा तू एवढी मोठी असतीस ना पोरी, तर मी इंजिन सोडलं नसतं."