किंमत उभी की आडवी

कासुर्डीच्या करुणाला बी.ए.च्या अर्थशास्त्राच्या एकाच पेपरने दोनदा अडवले होते. पासला चाळीस लागत. तिला पहिल्यांदा चौतीस पडले, दुसऱ्यांदा एकतीस. २००३च्या ऑक्टोबरची परीक्षा ही जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची होती. यात नापास झाली तर सगळे पेपर नव्याने. पास झाली तर बी.एड.चा अर्ज.

अडत होते ते गणितात. दहावीनंतर गणित नको म्हणून तर तिने आर्ट्स घेतले होते. शेवटी ती यवतला सलमान सरांच्या क्लासला जाऊ लागली. सर गणिताचे बी.एस्सी., शिकवायचे सायन्सची पोरे. अर्थशास्त्राचे पुस्तक त्यांनी प्रथमच हातात घेतले आणि मागणी वक्राच्या पानावरच थबकले.

"किंमत उभ्या अक्षावर कुणी घेतली?"

"पुस्तकानं."

"किंमत बदलली की मागणी बदलती. व्हय का न्हाई? मग किंमत आडव्या अक्षावर. आठवीच्या पोराला कळतं हे."

त्यांनी तिच्या वहीतल्या सगळ्या आकृत्यांवर फुल्या मारल्या. करुणाने त्या नव्याने काढल्या. त्यात दोन रविवार गेले. मग तिने वही कॉलेजात आनंदराव सरांना दाखवली. अर्थशास्त्र तेच शिकवत.

"असं काढलंस तर शून्य," ते म्हणाले. "किंमत उभीच असती."

"का पण, सर?"

"का म्हंजी? आम्हालाबी तशीच शिकवली. त्या गणितवाल्याला अर्थशास्त्रातलं काय कळतंय?"

हे ऐकून सलमान सर हसले. "आन् त्यांना गणितातलं?"

"दोघं एकदा भेटून ठरवा की, सर! माझी ही शेवटची खेप हाय."

दोघे भेटले नाहीत.

परीक्षेला आठ दिवस उरले. यवतच्या थांब्यावर एसटीची वाट पाहत करुणाने तेच दोनदा चुकलेले गणित पुन्हा काढले. मागणी म्हणजे शंभर वजा किमतीची दुप्पट. किंमत वीस असताना लवचिकता, म्हणजे किमतीबरोबर मागणी हलण्याचे प्रमाण, किती? सूत्र होते उतार गुणिले किंमत, भागिले मागणी. मागणी साठ येत होती. तिथवर ती दोन्ही वेळा बरोबर होती. पुढे तिने पुस्तकासारखी आकृती काढून रेषेचा उतार मोजला होता. तो अर्धा येई आणि उत्तर चुके. आता तिने सलमान सरांच्या पद्धतीने तीच रेषा काढली. उतार दोन आला.

रेषा तीच होती. पुस्तकाने चित्र फिरवले होते, सूत्र फिरवले नव्हते. म्हणजे आकृती कशीही काढा, उतार समीकरणातून घ्यायचा. दोन गुणिले वीस, भागिले साठ. दोन तृतीयांश.

तिला आनंद झाला नाही. संताप आला. एवढे एक वाक्य दोन वर्षांत कुणी सांगितले नव्हते. पुढ्यातून एसटी निघून गेली तेव्हा ती चुकल्याची शिवीही तिने त्याच दोघा सरांच्या नावावर जमा केली.

परीक्षेत तिने आकृती पुस्तकासारखी काढली, उतार समीकरणातून घेतला. सत्तेचाळीस पडले.

"बघ, आकृती बरोबर काढलीस म्हणून," आनंदराव सर म्हणाले.

सलमान सरांनी मार्कशीट बराच वेळ न्याहाळली. "किंमत आडवी घेतली असतीस तर पन्नास कुठं गेले नव्हते."

"द्या ती इकडं, सर," करुणा म्हणाली. "झेरॉक्सवाला दुपारी दुकान बंद करतो, आन् बी.एड.च्या अर्जाची मुदत आजच हाय."