पॉलच्या सिगारेटी

डॉक्टरांच्या सगळ्या प्रश्नांना आपण खरी उत्तरं देतो का? छातीवर हात ठेवून सांगा. क्लेमेंटीननं तरी दिली नव्हती. "घरात विडी-सिगारेट कोणी ओढतं का?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मध्ये नुसता एक पडदा होता. पलीकडच्या बाकावर बायका दाटीवाटीनं बसलेल्या आणि त्यातल्या दोघी तिच्याच चाळीतल्या.

"कोणी नाही," ती म्हणाली.

"मग सातवा लागला तरी बाळ अंग का धरत नाही?" डॉक्टर पुटपुटले आणि त्यांनी टॉनिक लिहून दिलं.

आता खरं काय ते ऐका. तिचा नवरा पॉल बहारीनला फिटर होता. वाडीच्या वाटणीवरून भावाशी बिनसलं, म्हणून त्यानं गाव सोडून गोखिवऱ्याला खोली घेतली, सुट्टीवर येऊन महिनाभर राहिला आणि गेला. मागे ठेवून गेला तो फळीवर परदेशी सिगारेटचा एक खोका आणि क्लेमेंटीनच्या पोटात मूल. सासरचे बोलत नव्हते. माहेरी आई नव्हती. शेजारी दिवसभर कारखान्यात आणि संध्याकाळी दार लावून आपापल्या घरात. तिन्हीसांजेला क्लेमेंटीन रोजरीची माळ घेऊन प्रार्थनेला बसायची. नमो मारिया या प्रार्थनेचा अर्धा भाग आपणच म्हणायचा आणि साथ द्यायला दुसरं कोणी नाही, म्हणून उरलेला अर्धाही आपणच.

अशाच एका संध्याकाळी तिनं एक सिगारेट नुसतीच पेटवून बशीत ठेवली. पॉलचा वास खोलीभर पसरला. घरात माणूस आहे असं वाटून तिला दोन घास जास्त गेले. दुसऱ्या दिवशी सिगारेट विझू नये म्हणून तिनं एक झुरका घेतला. सवय काही दार वाजवून येत नाही. खोका संपला, तेव्हा ती "नवऱ्याला हवीत" म्हणून टपरीवरून पाकिटं आणू लागली.

वास गॅलरीत पोचलाच. आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही आपली जुनी खोड! "नवरा परदेशात आणि हिच्या खोलीत सिगारेट कोण ओढतं?" अशी कुजबूज सुरू झाली. तिला येऊन विचारलं मात्र कोणी नाही.

शेवटी आली ती वरच्या मजल्यावरची बर्था मावशी. मुंबईच्या इस्पितळात बाळंतिणींची नर्स म्हणून तिनं उमर घालवली होती. एका दुपारी पेज घेऊन ती दारात उभी राहिली आणि बशीतली थोटकं तिला दिसली.

"कोण येतं गं इथे?" तिनं सरळच विचारलं.

"कोणी नाही येत, मावशी." क्लेमेंटीनला रडू फुटलं. "कोणीच येत नाही. मीच ओढते."

बर्था मावशी पेज खाली ठेवून तिच्याजवळ बसली. मग म्हणाली, "मला आधी यायला हवं होतं. पण बाय, हे बंद कर. बाळाला लागतंय."

"धूर तर छातीत जातो, पोटात कुठे?"

"छातीतून रक्तात आणि रक्तातून नाळेत. बाळाला प्राणवायू कमी पडतो. मग ते वाढत नाही, दिवस भरायच्या आत येतं. कधी कधी हाती लागतच नाही."

"आमची आजेसासू विडी ओढायची. सात मुलं झाली तिला."

"सात जगली. गेली किती, ते कोणी सांगितलं तुला?"

क्लेमेंटीनला आठवलं. गावच्या सिमित्रीत आजेसासू घरच्यांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायची, तशा काही छोट्या क्रुसांपुढेही लावायची. ते कोणाचे, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. पोटावर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "आता उशीर झाला का हो?"

"नाही. आज सोडलीस तर आजपासून बाळाला जास्त मिळेल. ओढावीशी वाटली की जिना चढून वर ये. माझ्याकडे गप्पा फुकट आहेत."

सोपं नव्हतं ते. झोप उडायची, उगाच चिडचिड व्हायची. एकदा तर ती अर्ध्या जिन्यात बसून रडली. पण उठली आणि वर गेली.

पुढच्या तपासणीला बाक पुन्हा भरलेला होता आणि पडदा तोच. क्लेमेंटीननं आवाज मुळीच खाली केला नाही. "डॉक्टर, मागच्या वेळी मी खोटं बोलले. सिगारेट मीच ओढत होते. आता सोडलीय."

डॉक्टर म्हणाले, "सांगितलंस ते फार बरं केलंस." तेवढ्यात बाकावरून एक घाबरा आवाज आला, "डॉक्टर, मी मशेरी लावते. ती पन बाळाला बाधते काय?" त्यामागून दुसरीनंही तोंड उघडलं. त्या दिवशी डॉक्टरांना जेवायला उशीर झाला.

क्लेमेंटीनला मुलगी झाली. किरकोळच होती, पण पूर्ण दिवसांची, आणि रडली ती खणखणीत.

बंधुभगिनींनो, गरोदर बाईच्या प्रत्येक झुरक्यानं बाळाच्या वाट्याचा श्वास कमी होतो. तो झुरका कोणत्याही महिन्यात सोडला तरी बाळाचा फायदाच आहे. आणि शेजारच्या खोलीतून धूर आला, तर गॅलरीत कुजबुजत उभे राहू नका. जाऊन दार वाजवा.