आयव्होची गवती हॅट

लॉर्ड पेनवॉर्डन, म्हणजेच छायाचित्रकार आयव्हो, गेल्या वसंतात वारले. लंडनच्या एका मोठ्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाली, तेव्हा एका निवृत्त मंत्र्यांनी भाषणात सांगितलं की आयव्होला रिकाम्या खोलीतसुद्धा माणूस दिसायचा. त्यांच्या हातातल्या पत्रिकेवर आयव्होने काढलेला सगळ्यात गाजलेला फोटो छापला होता, तो उंच करून त्यांनी सगळ्यांना दाखवला. मी मागच्या रांगेत खांबाआड बसलो होतो. मला हसू आलं, ते मी रुमालात खोकून लपवलं. शेजारच्या बाईंना वाटलं मला रडू आवरत नाहीये. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

आयव्होच्या पुस्तकांचा मजकूर मी लिहीत असे. मोठ्या घरांच्या फोटोंची ती जाडजूड पुस्तकं, गुडघ्यावर ठेवली तर गुडघा बधिर होतो. त्यातला मजकूर कुणी वाचत नाही. आयव्होही वाचत नसे. ही तक्रार नव्हे. माझं लिहिणं वाचण्यासारखं होतं की नाही याची मला आजही खात्री नाही. तोंडावर मी त्याला लॉर्ड पेनवॉर्डन म्हणे, मनात मात्र पहिल्या दिवसापासून एकेरीच म्हणत आलो. इथे तेच करतो.

तो छायाचित्रकार झाला, कारण लष्करात त्याला घोड्यावर टिकता आलं नाही. वडिलांनी घोडा परत घेतला आणि कॅमेरा दिला. बाकीच्या छायाचित्रकारांना मोठ्या घरांत शिरायला ओळखी काढाव्या लागत. आयव्होला फक्त एवढं लक्षात ठेवावं लागे, की कोणत्या घरात कोणती आत्या दिली आहे. सुरुवातीला तो माणसांचे फोटो काढी. करड्या पडद्यापुढे बसवून सांगे, कसलाही विचार करू नका. बहुतेकांना ते सहज जमे. त्या चेहऱ्यांवरच्या शांतपणाबद्दल वर्तमानपत्रांतून फार चांगलं लिहून आलं.

पुढे तो खोल्यांकडे वळला. खोलीत माणूस नको, हा त्याचा नियम. माणसामुळे खोली शिळी होते म्हणे. मात्र कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी ती दिसली पाहिजे. त्यासाठी त्याच्याकडे कातडी पेटी होती. तिच्यात एक गवती हॅट, मळके बागकामाचे हातमोजे, एक चष्मा आणि मधोमध उघडून पालथी ठेवायची एक फ्रेंच कादंबरी. हॅट त्याने लंडनच्या जुन्या बाजारातून उचलली होती. स्कॉटलंडातल्या किल्ल्यात खिडकीपाशी ठेवलेली हॅट तीच, नॉर्फकच्या बिशपच्या अभ्यासिकेतली तीच आणि आयर्लंडातल्या आजोळच्या जेवणघरातलीही तीच. या फोटोंतून घराची ऊब जाणवते, असं समीक्षक लिहीत. मी काही बोललो नाही. मला कुणी विचारलंही नाही.

डॉर्सेटमधल्या हॅरोकोमला आम्ही गेलो, ते घर त्याच्या सख्ख्या मावशीचं, लेडी अँथियांचं. खरं म्हणजे तेव्हा ते त्यांचं राहिलं नव्हतं. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं, म्हणून घर आणि पदवी पुतण्याकडे, रॅनल्फकडे गेली होती. सप्टेंबर संपता संपता लेडी अँथियांनी फाटकाजवळच्या छोट्या घरात, लॉजवर, राहायला जायचं ठरलं होतं. त्याबद्दल त्यांनी हूं की चूं केलं नाही. त्यांना हवी होती फक्त जिन्यावरची जागा.

त्या घरात आलेल्या प्रत्येक सुनेचं तैलचित्र जिन्यावर लागत असे. खालच्या पायरीपासून वरपर्यंत ओळीने बायका, आणि प्रत्येकीच्या चौकटीवर सोनेरी पट्टीत तिचं नाव. सर्वांत वर सासूबाई, आणि त्यांच्या पुढे भिंतीत ठोकलेला रिकामा हूक. तो लेडी अँथियांसाठी त्या लग्न होऊन आल्या त्याच महिन्यात ठोकला होता. चित्रकार पुढच्या वर्षी बोलावू, असं नवरा म्हणाला. मग घोडे आले, मग छप्पर गळायला लागलं, मग युद्ध आणि मग गटारं. पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. हूक मात्र दर वसंतात पुसला जाई.

आता रॅनल्फच्या बायकोचा, सेलिनाचा, त्या हुकावर डोळा होता. तिने चित्रकारही ठरवून टाकला होता. रॅनल्फला कुणाशीच वाकडं घ्यायला आवडत नसे. तो म्हणाला, आयव्हो येतोच आहे, काकूंचा फोटो चांगला आला तर तो तिथे लावू, नाही तर सेलिनाचं चित्र. इतका न्यायी निर्णय आपण दिला याचा त्याला जेवण होईपर्यंत आनंद होता.

लेडी अँथियांना स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खुर्चीत बसून फोटो हवा होता. आयव्होने कबूल केलं. तो कबूल लगेच करी.

मग त्याने ती खोली पाहिली आणि तो हरखून गेला. दोन दिवस तो नुसता तिच्यातून त्यांना बाहेर काढत होता. विजेची शेगडी गेली, रेडिओ गेला, कुत्र्याचं घोंगडं गेलं, औषधांचा ट्रे, विणकाम, नवऱ्याचा फोटोही गेला. माळ्यावरून एक फाटका पडदा आणला, तो पुरेसा फाटका नव्हता म्हणून अजून थोडा फाडला. फुलदाणीखाली गुलाबाच्या पाकळ्या पसरल्या, लांबून पाहिल्या आणि त्यातल्या दोन उचलल्या.

आणि लेडी अँथिया बाहेर दिवाणखान्याच्या दाराशी, पाठीवर घराण्याचं चिन्ह कोरलेल्या लाकडी खुर्चीत बसून होत्या. या खुर्च्या भाडेकऱ्यांना ताटकळत ठेवण्यासाठी केलेल्या असतात, त्यामुळे त्यांत बसणाऱ्याच्या सुखाचा विचार नसतो. त्यांनी निळा रेशमी पोशाख घातला होता, त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. मी जाता-येता दिसलो की त्या हळूच विचारत, "झालं का, मिस्टर क्रॅडक?" आणि मी, मलाच ठाऊक नसताना, होतच आलंय म्हणून सांगे.

सेलिनाला त्यांची दया आली, किंवा दया येताना आपण छान दिसतो हे तिला ठाऊक होतं. ती आयव्होला म्हणाली, "काकूंचं आधी उरकून टाक ना. बिचाऱ्या कधीच्या बसल्यात."

"मावशी कुठे पळून जात नाहीये," आयव्हो म्हणाला. "ऊन पळतंय."

शेवटच्या दुपारी एकाच फोटोपुरती फिल्म उरली. ती मावशीची, असं सकाळीच ठरलं होतं. त्या खोलीत आल्या, खुर्चीकडे निघाल्या, तेवढ्यात ढगांतून तिरपं पिवळं ऊन आलं आणि नेमकं त्या खुर्चीवर पडलं. आयव्होने त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. अगदी हळुवारपणे, एखादं टेबल सरकवावं तसं.

"मावशी, तुझा नंतर. मी लॉजवर येईन ना निवांत."

"लॉजला जिना नाही, आयव्हो."

"मग बरंच की. या वयात चढउतार कशाला?"

त्या बाहेर गेल्या. आयव्होने पेटी उघडली आणि गवती हॅट खुर्चीवर ठेवली. ज्या बाईची ती खुर्ची होती तिला घालवून, कुणीतरी बाई आत्ताच उठून गेली असं दाखवायला.

आयव्हो दिवे वापरत नसे. भिंगाचं तोंड अगदी बारीक ठेवून कॅमेऱ्याचा डोळा उघडायचा आणि मंद उजेडात तो बराच वेळ तसाच सोडायचा. एवढ्या वेळात तो खोलीत थांबतही नसे. टक लावून बघितलं की खोली लाजते, असं त्याचं म्हणणं. कॅमेरा उघडून तो रॅनल्फबरोबर व्हिस्की प्यायला गेला. कुत्रा आत येऊ नये म्हणून मला दाराशी ठेवलं.

कुत्रा आला नाही, लेडी अँथिया आल्या. माझ्याकडे न पाहता त्या खुर्चीपाशी गेल्या आणि मेलेला उंदीर उचलावा तशी त्यांनी हॅट उचलली.

"कुणाची आहे ही?"

"बाजारातून आणलीय," मी म्हणालो.

"वाटलंच. उन्हात कधी गेलेली दिसत नाही."

हॅट मांडीवर घेऊन त्या बसल्या. मी त्यांना थांबवायला हवं होतं. शेवटची फिल्म होती. आयुष्यात मी इतक्या ठिकाणी गप्प बसलो आहे की ते शौर्य होतं की सवय, हे मला सांगता येणार नाही. मी दार लोटून घेतलं. त्यांच्या काळात मुलींच्या पाठीला फळी बांधून ताठ बसायला शिकवत. त्या बसल्या त्या बसल्याच. पापणी लवली असेल तर मला दिसली नाही. व्हरांड्यात आयव्होची पावलं वाजली तशा त्या उठल्या, हॅट होती तशी ठेवली आणि बागेच्या दाराने निघून गेल्या.

आयव्होने कॅमेरा बंद केला. "बघ क्रॅडक," तो म्हणाला, "खोल्यांना एकटं सोडायला शिकलं पाहिजे."

काही आठवड्यांनी त्याने मला लंडनला बोलावलं. मी बोलणी खायच्या तयारीने गेलो. टेबलावर तो फोटो होता. खोली लख्ख आली होती, आणि खुर्चीत, थोडाच वेळ बसल्यामुळे धुक्यासारखी उमटलेली एक बाई. तिच्या निळ्या पोशाखातून खुर्चीच्या गादीची बटणं दिसत होती, मांडीवर हॅटची सावली होती. चेहरा मात्र स्पष्ट होता, आणि तो सरळ आपल्याकडे पाहत होता. मी पाहिलेल्या त्याच्या सगळ्या फोटोंत हा एकच जिवंत होता.

"कुणी मोलकरीण शिरली असणार," आयव्हो म्हणाला. "पण बसलीय काय!"

"त्या तुमच्या मावशी आहेत."

त्याने भिंग घेतलं आणि वाकून पाहिलं. मग म्हणाला, "खरंच की. हिचे डोळे असे आहेत होय?" बालपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्याने त्यांच्या घरी काढल्या होत्या.

मी विचारलं, खाली त्यांचं नाव लिहू ना? तो म्हणाला, छे, नाव आलं की ती नुसती मावशी होईल. "'हॅरोकोमचं भूत' असं लिही." सरकणाऱ्या उन्हातून भूत कसं उतरवलं याबद्दल पुढे वीस वर्षं तो जेवणाच्या टेबलांवर बोलत राहिला. पॅरिसला त्याला बक्षीस मिळालं. पुस्तकात फोटोखाली मी भूतच लिहिलं, पण मजकुरात, जिथे कुणी फिरकत नाही तिथे, लेडी अँथियांचं पूर्ण नाव आणि त्या खोलीत त्या किती वर्षं राहिल्या ते लिहिलं. अपेक्षेप्रमाणे कुणीच हरकत घेतली नाही.

फोटो काढल्यानंतरच्या ईस्टरला रॅनल्फने घर लोकांना तिकीट लावून खुलं केलं. भुतामुळे माणसं येतात, असं त्याच्या लक्षात आलं. तो फोटो मोठा करून त्याने त्या हुकावर लावला. सोनेरी पट्टीवर लिहिलं, 'हॅरोकोमची अनामिका'. सेलिनाचं चित्र जेवणघरात गेलं, तिथे त्याच्यावर सुपाची वाफ येते.

लेडी अँथिया मला घेऊन लॉजवरून चालत आल्या, खिडकीवर आमची दोन तिकिटं काढली आणि रांगेत उभ्या राहिल्या. तिकीट देणाऱ्या बाईंनी त्यांना ओळखलं नाही. जिन्यावर वाटाड्या बाई घोळक्याला सांगत होत्या, की दोनशे वर्षांपूर्वीची ही सून, नवरा युद्धावर गेला आणि ही वाट पाहून पाहून झुरून मेली. लेडी अँथियांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"एक चूक होतेय," त्या म्हणाल्या. "नवरा युद्धावर नव्हता. तबेल्यात होता."

वाटाड्या बाईंनी जरा तोऱ्यात विचारलं, हे तुम्हाला कसं ठाऊक?

"मी तिच्याच खोलीत राहायचे."

घोळका पुढे गेला. त्या कठड्याला धरून वर पाहत राहिल्या. सासूबाईंचं चित्र शेजारीच होतं. ते काळपट पडलं होतं.

"चांगली आलीय ना, मिस्टर क्रॅडक?"

"हो."

"सेलिनापेक्षा?"

सेलिनाचं चित्र मी तोवर पाहिलं नव्हतं. तरी हो म्हणालो. आयुष्यात क्वचितच इतक्या खात्रीने मी काही बोललो असेन.

त्यांनी मान डोलावली आणि कठडा धरून त्या एकेक पायरी उतरू लागल्या. खाली पोचल्यावर थांबून म्हणाल्या, "तेवढी ती हॅट मात्र तुम्ही धरायला हवी होती."