प्राप्तिकराच्या खिडकीवरचा शिक्का

मी करकचेरीतला एक जुना शिक्का आहे. माझी मूठ सागवानी, खाली रबर आणि रबरावर दोनच शब्द: 'कर मिळाला'. ज्यांची कमाई बऱ्यापैकी आहे त्यांनी त्यातला वाटा सरकारला द्यायचा, त्या प्राप्तिकराच्या खिडकीवर माझी नेमणूक झाली.

मित्रांनो, तेव्हा गावातला मोज्यांचा कारखाना जोरात चालायचा. दरवर्षी पगार वाढत आणि माझ्यापुढची रांग जिन्यापर्यंत जाई. खिडकीवरच्या बाई मला अशा आपटायच्या की कपातला चहा हिंदकळायचा. एकदा कारखान्यातली एक शिलाईवाली पहिल्यांदाच कर भरायला आली. म्हणाली, "बाई, शिक्का जरा ठळक मारा. सासूबाईंना दाखवायचाय." त्या दिवशी माझी छाती फुगली. शेजारी विक्रीकराची खिडकी होती. वस्तू विकली की तिच्यावर बसणारा तो कर. तिथल्या शिक्क्याला मी खिजगणतीतही धरत नसे.

मग मंदी आली. मोज्यांची मागणी घटली. आधी जादा पाळी बंद झाली, मग पगारवाढ थांबली, शेवटी निम्मे कामगार घरी बसले. कारखाना टिकावा म्हणून मालकाचा कर कमी केला गेला. माझी रांग आटली, पण शाळा-दवाखान्यांचा खर्च थोडाच आटतो? तो भागवायला साबण, वह्या, चपलांवरचा विक्रीकर वाढवला.

शेजाऱ्याचं नशीब फळफळलं. त्याला शाईची नवी गादी मिळाली, डोक्यावर पंखा आला, पुढ्यात दुकानदारांची ही रांग. माझ्या पोटात दुखू लागलं. त्याची शाई वाळावी, त्याचा ठसा पुसट उमटावा, असं मी दिवसभर मनात घोकायचो. खोटं कशाला बोलू?

एके दुपारी ती शिलाईवाली आली आणि सरळ त्याच्याकडे गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं माणूस त्यानं पळवलं होतं.

जाताना ती बाईंपाशी थांबली. बाईंनी विचारलं, "काय गं, सध्या काय करतेस?"

"काम सुटलं. घरातच छोटं दुकान टाकलंय, साबण नि वह्यांचं. बायका भाव विचारतात आणि अर्धी वडी कापून मागतात."

"चालतंय ना पण?"

"चालतंय कसलं, रेटतेय. कारखान्याचे मालकही तोच साबण वापरतात. एका वडीवर त्यांना जेवढा कर, तेवढाच आमच्या गल्लीतल्या धुणंवालीला. बाई, आधी कमावलं की द्यायचो. आता कमावलं नाही तरी द्यावं लागतं."

ती गेल्यावर बाईंनी साहेबांना अर्ज लिहिला: साबण-वह्यांवरचा कर उतरवावा. साहेब म्हणाले, "तुमचं म्हणणं खरं आहे, पण पैसा आणायचा कुठून?" अर्ज अजून फायलीतच आहे.

शेजारी दिवसभर ठकठक चालते. मत्सर पुरता गेला असं म्हणवत नाही. पण प्रत्येक ठोक्याला आता मला ती अर्धी वडी दिसते.

मित्रांनो, माझ्या मुठीवरची धूळ पुसा अगर पुसू नका. दुकानातली पावती मात्र फेकण्याआधी वाचा. तिच्यातला कराचा आकडा तुमच्यासाठी किरकोळ असेल. तुमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईसाठी तो किती आहे, हे एकदा तिला विचारा.