उलट्या विमानातला नेम

विक्कीनं बहिणीच्या, ममताच्या, थोबाडीत मारली, तीही झरीच्या साऱ्या तांड्यादेखत. कारण काय, तर म्हणे यवतमाळात शिकायला ठेवली अन् बाई गेमिंग कॅफेत विमानं उडवते! वा रे भाऊ, तू उडवलेली चालतात. शेवटी पैज लागली: ममता हरली तर कॉलेज बंद, त्याच दिवशी झरीला परत. तिची बॅग त्यानं हॉस्टेलातून आणून मोटरसायकलला बांधूनही टाकली होती.

भर दुपारी दोघं यवतमाळच्या त्याच कॅफेत शेजारी शेजारी बसले. खेळ जुन्या महायुद्धातल्या विमानांचा, पण गोळ्या खऱ्यासारख्या. गोळी सुटली की जमिनीकडे पडत जाते, लांब गेली की दमते. विक्कीला हे कोण शिकवणार! लहानपणी बापानं, धरमसिंगनं, दोघांनाही ज्वारीच्या शेतातल्या माळ्यावर गोफण शिकवलेली. "डुकराच्या हातभर वर धर, गोटा आपोआप उतरते." तेच विक्कीच्या हाडात मुरलं होतं.

पहिल्याच झडपेत त्यानं तिच्या विमानाचं शेपूट फाडलं. दुसऱ्या झडपेत काच फुटली, तिच्या वैमानिकाचा खांदा उडाला, पडद्यावर रक्त ओघळलं.

"मर, भवाने!"

ममताचा गाल अजून दुखत होता. तिनं विमान उलटं केलं, चाकं आभाळाकडे, अन् सरळ जात राहिली. मागून विक्कीही ईर्ष्येनं उलटा झाला अन् सवयीनं नेम हातभर वर धरला. अरे बैला, उलट्या माणसाचं वर म्हणजे जमीन! गोळी आधीच तिकडे पडते, त्यात तू आणखी ढकलतो? एकूण एक गोळी तिच्या खालून गेली. ममताला हे ठाऊकच होतं. त्याच माळ्यावर ती त्याच्या शेजारी बसून मोठी झाली होती.

तिनं एकदम वेग तोडला. विक्की सुसाट पुढे निघून गेला. ती सुलटी झाली, त्याच्या मागे दीडशे मीटरवर. इतक्या जवळून गोळीला पडायला वेळच नसतो. त्याचा डावा पंख मुळापासून तुटला, टाकी पेटली, आतला माणूस जळत तडफडला. तरी तिनं बोट काढलं नाही. गोळ्या संपेस्तोवर मारत राहिली, अन् तिला बरं वाटलं, लई बरं वाटलं.

विक्की खुर्ची लाथाडून उठला, हात उगारला.

"मार ना," ती जागची हलली नाही. "मारल्यानं तू जिंकत नाही, भिया."

हात तसाच राहिला. ममता बाहेर गेली, मोटरसायकलवरची बॅग तिनं सोडली, अन् दोरी त्याच्या सीटवर ठेवून हॉस्टेलकडे चालू लागली.