बैलाचं तेल

केदारखेड्यात कुणाच्या बैलाचा खांदा सोलवटला, शेळीला खरूज झाली, की माणसं सरळ झुंबरबाईच्या ओट्यावर. बाईच्या हाताला गुणच होता! करंजाच्या तेलात कापूर खलून तिनं निम्म्या गावाची जनावरं बरी केलेली. म्हणून शेजारची नूरबी मांजर पदराखाली घेऊन आली, तेव्हाही तिनं बिनधास्त तीच बाटली उघडली.

"आक्का, शब्बोनं खाजवून खाजवून रक्त काढलं बघ."

"दोन दिवसांत पार बरी करते. रडतीस कशाला?"

रडणार नाही तर काय करणार? नवरा गेलेला, लेक आसिफा सासरी. घरात बोलायला ती मांजरच.

झुंबरबाईनं सढळ हातानं मानेपासून शेपटीपर्यंत तेल चोपडलं. आता बैल काही स्वतःला चाटून पुसून काढत नाही. मांजर मात्र घरी जाताच अंग चाटत बसली. दुपारी तोंडाला फेस आला, पाय लटपटायला लागले.

"आक्का, जल्दी ये!"

झुंबरबाई धावली. मांजरीच्या तोंडाला कापराचा वास आला. अगं बाई, हे आपणच करून ठेवलं! दोघी काळीपिवळी जीपमध्ये बसून भोकरदनला गुरांच्या दवाखान्यात पोचल्या. तिथं गावचा रामराव शेळी घेऊन आधीच बसलेला.

"काय खाल्लं हिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

"औषध घातलेला उंदीर खाल्ला असंल," नूरबी खाली बघून म्हणाली.

डॉक्टर त्यावरचं इंजेक्शन भरायला लागले. झुंबरबाईनं रामरावाकडं पाहिलं. आता बोललं तर सांजच्याला गावभर होणार. लाज वाटली, फार वाटली. पण शब्बोचे पाय थरथरतच होते.

"थांबा साहेब! उंदीर न्हाई. म्या कापूर अन् करंजतेल लावलं, ते चाटलं तिनं."

रामरावानं मान वळवली. डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली, साबणाच्या कोमट पाण्यानं मांजर धुतली, सलाईन लावलं. "बरं झालं सांगितलंत. नुसता अंदाज करत बसलो असतो, तर गेली असती."

दिवस कलता कलता शब्बोनं डोळे उघडून बारीक म्यांव केलं.

परतताना झुंबरबाईनं विचारलं, "खोटं कशाला बोललीस गं?"

"गावात नाव हाय तुझं, आक्का."

"अन् ही मेली असती, मंग?"

नूरबीनं मांजर छातीशी धरली. मग तिनं हळूच आपला दुखरा गुडघा झुंबरबाईकडं सरकवला.

"घरी गेल्यावर ह्याला लाव तुझं ते तेल. मी काय चाटत न्हाई."