चमच्यातली पारख

अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यात रंगकामाचे मास्तर चन्नप्पा यांच्या जिभेचा दरारा होता. पावडर चिमूटभर जिभेवर ठेवायची आणि नाव सांगायचं. पण दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांची चव गेली, वासही गेला. हे बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. गोण्यांवर नावं छापलेली असायची, म्हणून निभावत होतं.

त्या सोमवारी गोदामातला पाण्याचा पाइप फुटला आणि दोन गोण्यांवरची नावं धुऊन गेली. एकीत लाल रंग चढवायला लागणारं रासायनिक मीठ, दुसरीत काळा रंग चढवायला लागणारं ग्लुकोज. दोन्ही पांढरी, दोन्ही ओलसर. लाल माल तर आजच काढायचा होता. सगळे मास्तरांकडे बघू लागले.

जिभेला काही कळणार नाही, हे चन्नप्पांना ठाऊक होतं. तरी त्यांनी चिमूट उचलली.

"थांबा मास्तर," नवी केमिस्ट प्रियदर्शनी म्हणाली. "इथलं काही तोंडात घालू नका. एक सेंद्रिय आहे, एक असेंद्रिय. शेगडीवर कळेल की."

"सेंद्रिय म्हंजी शेणखताचं व्हय?"

"ते शेतीतलं. रसायनात सेंद्रिय म्हणजे ज्याचा सांगाडा कार्बनचा. अशी बरीचशी रसायनं तापवली की काळी पडतात. मीठ पांढरंच राहतं."

दोन जुने चमचे शेगडीवर धरले. एकातलं पाणी आटलं, पावडर पांढरीच राहिली. दुसऱ्यातली वितळली, तांबूस झाली, फेसाळली आणि बघता बघता कोळसा झाली.

"चिक्कीगत वास सुटलाय," कामगार म्हणाले. चन्नप्पांना वास आला नाही, पण काळं-पांढरं लख्ख दिसलं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"धुण्याच्या सोड्यातबी कार्बन असतो म्हणं. त्यो का काळा पडत न्हाय?" चन्नप्पांनी विचारलं.

"असतो, तरी तो असेंद्रियच. नुसता कार्बन असून भागत नाही, त्याचा सांगाडा लागतो."

"म्हंजी आडनावावरनं घराणं वळखायचं न्हाय."

प्रियदर्शनी मनापासून हसली. दुपारी लाल माल एकसारखा उतरला.

चहाच्या सुट्टीत चन्नप्पांनी तिला बाजूला घेतलं. "पोरी, मला चव कळत न्हाय. सकाळी अंदाजानंच सांगणार हुतो."

तिनं विचारलं, "आणि चुकलं असतं तर?"

"समदा माल वाया गेला असता."

"मग मी तुम्हाला अशा परीक्षा शिकवते. तुम्ही मला डोळ्यानं रंग जुळवायला शिकवा. मला ते अजिबात जमत नाही."

चन्नप्पांनी तिला खिडकीपाशी नेलं, दोन लाल टॉवेल उजेडात धरले. "ह्यातला पिवळ्याकडं कुठला झुकतोय, सांग."

तिनं डावा दाखवला.

"परत बघ," मास्तर खुशीत म्हणाले.